हजेरी नको, हाताला काम द्या!

आमच्या वस्तीतलं एक पोरगं टोळीत गेलं. मारामारीत नाव आलं. आता गणपती जवळ आले की त्याला चौकीवर बोलावणं येतं. मीही भेटेल तिथं उपदेश करायचो. परवा तो म्हणाला, "दादा, तुम्हीबी हजेरीच घेताय. काम कोण देतंय?"

मला शाहू महाराज आठवले. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी त्यांनी १९१८ साली याच कोल्हापूर संस्थानात बंद केली. फासेपारध्यांना घरं दिली, पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ उजाडलं.

मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीला आपल्याला हीच पोरं लागतात. यंदा डॉल्बीचे पैसे वाचवून दोघांना गाडीचं लायसन्स काढून देऊ. टोळी त्यांना निदान विचारते तरी; आपण काय करतो?

जय भीम!