सायकलीची शिदोरी

सायकल घेण्यापूर्वी माणूस चार दुकाने हिंडतो, दहा जणांना विचारतो. परंतु सायकलीबरोबर आणखी काय घ्यावे, हे मात्र बहुधा दुकानदारच ठरवतो. माझेही तसेच झाले. वयाच्या ५३व्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. गुडघ्यांमुळे लांबवर चालणे जमेना, तेव्हा डॉक्टरांनी सायकल सुचवली. मी मोठ्या उत्साहाने सायकल आणली आणि तिच्यासोबत वेग व अंतर दाखवणारा मीटर, सीटवर घालायचे मऊ जेलचे कव्हर आणि भडक रंगाची पाण्याची बाटली घेतली. गेल्या पाच वर्षांत यांपैकी बाटली तेवढी कामाची ठरली. जे खरोखर लागले, ते मी एकेका त्रासानंतर एकेक करून घेतले. आपणांस त्या क्रमाने शिकावे लागू नये, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

पहिला त्रास बसण्याचा. रोज तासभर सायकल चालवू लागल्यावर आठवड्याभरातच मांड्यांच्या सांध्यात त्वचा सोलवटू लागली आणि कधी कधी बधिरपणाही जाणवू लागला. संकोचामुळे मी हे कोणाला सांगितले नाही. अनेकांची सायकल याच संकोचापायी जिन्याखाली धूळ खात पडते, असे माझे मत आहे. सीट जितकी मऊ तितकी बरी, हा माझा समज मुळातच चुकीचा होता. बसताना शरीराचा भार नितंबांतील दोन हाडांवर यायला हवा. फार मऊ कव्हरात ती हाडे रुततात आणि मधला नाजूक भाग, जेथून मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात, तोच दाबला जातो. कव्हर काढून टाकले आणि आतून अस्तराची गादी शिवलेली सायकलची अर्धी चड्डी घेतली. ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे मला पुढे महिनाभराने कळले! आतल्या कपड्याची शिवणच त्वचेला घासत असते. चड्डी प्रत्येक फेरीनंतर धुतली पाहिजे, म्हणून दोन असाव्यात. वर सैल पँट घातली तरी चालते. आमच्या वयाच्या माणसांना तोच मार्ग बरा वाटतो. मधुमेही व्यक्तीने तर त्वचेवरील लहानशा फोडाकडेही दुर्लक्ष करू नये. आणि बधिरपणा उतरल्यावरही राहत असेल, तर संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

सीटची उंची बदलायला पैसे पडत नाहीत. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय जेमतेम सरळ व्हावा, इतकी सीट वर हवी. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. दोन्ही पाय आरामात जमिनीला टेकावेत म्हणून आपण सीट खाली ठेवतो आणि गुडघ्याची वाटी दुखू लागली की सायकलीला दोष देतो.

दुसरा त्रास हाताचा. घरी परतल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बराच वेळ बधिर राही. या दोन बोटांकडे जाणारा मज्जातंतू तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जातो आणि हँडलवर भार टाकला की तेथेच चेपला जातो. तळव्याशी पातळ गादी असलेले बोटे उघडी राहणारे हातमोजे घेतले, हँडल थोडे वर करवून घेतले आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलण्याची सवय लावली. तीन आठवड्यांत बोटे पूर्ववत झाली. पडताना माणूस प्रथम तळवे टेकतो. हातमोज्यांचा हा दुसरा लाभ मला लवकरच अनुभवास आला.

एका मोठ्या बांधकामापाशी वळणावर वाळू सांडलेली होती. पुढचे चाक घसरले आणि मी उजव्या अंगावर पडलो. खरचटले, मनगट सुजले, डोके रस्त्यावर आपटले. पण डोक्याला काही झाले नाही. घरी आल्यावर हेल्मेट उलटे करून पाहिले, तर आतला पांढरा फोम कानाच्या वर तडकलेला होता. हेल्मेटने तेच करायचे असते: आघाताचे बळ फोमने चेपून, तडकून स्वतःवर घ्यायचे. म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नये. आपल्या देशात सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. त्यामुळे ते घेणे न घेणे पूर्णपणे आपल्या हाती राहते. घेताना आतल्या चिठ्ठीवर ईएन १०७८ यासारखे सायकलच्या हेल्मेटचे मानक छापलेले आहे का, ते पाहावे. ते भुवयांच्या वर दोन बोटे इतकेच असावे, मागे कपाळ उघडे टाकून घातलेले नसावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादे बोट जाईल इतकीच जागा असावी.

प्रकाशाविषयी मला वडिलांची आठवण होते. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ओळख होती, त्या काळातली त्यांची काळी सायकल. चाकाला घासत घर्रघर्र वाजणारा डायनॅमो. आणि लेंगा चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला लावलेली पत्र्याची क्लिप. डायनॅमोची जागा आता विजेवर भरून घ्यायच्या लहान दिव्यांनी घेतली आहे. पुढे पांढरा, मागे लाल. त्यांतला एकच परवडत असेल तर आधी मागचा घ्यावा, असे मी सांगेन. समोरून येणारी गाडी निदान आपणांस दिसते तरी. क्लिपऐवजी मी घोट्याला चमकणारी पट्टी बांधतो. ती स्वस्त असते, पँट आवरून धरते आणि मुख्य म्हणजे पायाबरोबर वर-खाली हलते. अंधारात स्थिर ठिपक्यापेक्षा हलता ठिपका चालकाच्या लवकर लक्षात येतो. घंटी, पावसाळ्यात मडगार्ड आणि धूळ-चिलटांसाठी साधा चष्मा यांविषयी वेगळे काय सांगावे? ते हवेतच.

हवा भरायचा उभा पंप घरी असावा. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू कमी होते, सायकल जड चालते आणि आपणांस वाटते, आज दमच नाही. किती दाब हवा, हे टायरच्या कडेवर छापलेले असते. लांब जाणार असाल तर जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप सोबत घ्यावा. मात्र ट्यूब बदलण्याचा सराव आधी अंगणात करावा.

आता ज्या वस्तूसाठी मी खरे तर हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येतो. सिंहगड रस्त्याने खडकवासला धरणापर्यंत जाऊन परत येणे हा माझा रविवारचा नेम. अशाच एका रविवारी सकाळची गोळी घेतली, ‘आल्यावर खाऊ’ म्हणून नाश्ता टाळला आणि धरणावर हवा छान होती म्हणून डोणज्याच्या दिशेने आणखी पुढे गेलो. परतताना किरकटवाडीच्या आसपास दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. थकवा आला असेल, असे म्हणून मी पॅडल मारीतच राहिलो. पुढचा काही भाग मला नीट आठवत नाही. एका चहाच्या टपरीशी मी सायकल टेकवली, ती बहुधा सवयीने. टपरीवाल्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “काका, शुगर आहे का तुम्हाला?” मी मान हलवली असावी. त्याने चहाची वाट न पाहता पेल्याभर पाण्यात साखर ढवळून माझ्या हाती दिली आणि मी पिईपर्यंत खांद्याला धरून उभा राहिला. त्याचे वडीलही मधुमेही होते, हे त्याने मागाहून सांगितले. सर्व रस्ता वाहनांनी भरलेला होता; मी टपरीशी थांबलो नसतो तर, हा विचार मी आजही फार लांबवीत नाही.

डॉक्टर रागावले. मधुमेहाच्या सर्वच औषधांनी असे होत नाही. परंतु इन्सुलिन आणि स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावयास लावणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे आपणही विचारून घ्या. डोस किंवा वेळ मनाने बदलू नका.

तेव्हापासून हँडलला एक लहान थैली असते. तिच्यात ग्लुकोजच्या गोळ्या आणि साखरेची पुडी. एका वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. लक्षण दिसताच थांबायचे, साखर घ्यायची, १५ मिनिटे बसायचे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यायची आणि मग काहीतरी पोटभरीचे खायचे. चॉकलेट या कामी येत नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे लागते. म्हणून सौभाग्यवतींनी थैलीत एक जाड कार्ड घातले आहे. त्यावर माझे नाव, रक्तगट, ‘मधुमेह आहे’ हे शब्द, औषधाचे नाव आणि दोन फोन नंबर आहेत. पावसात शाई पसरू नये म्हणून त्यांनी ते लॅमिनेट करून आणले.

थैली दर शनिवारी रात्री उघडून पाहावी लागते. पावसाळ्यात पुडीतल्या साखरेला पाणी सुटते हे एक कारण; आणि दुसरे, आमच्या पाच वर्षांच्या नातीला त्या गोळ्यांचा पत्ता लागला आहे.