साट्याचे पदर

खमिराने पीठ फुगते, हे आपण सारे जाणतो. शुभवर्तमानातील खमिराचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. परंतु खमिराचा कणही न घालता फुलून येणारे एक पीठ आहे. बेकरीतील खारी त्याचीच. पाश्चात्त्य देशांत त्या पिठाच्या छोट्या वाट्या भाजून त्यांत फळे भरतात; त्यांना टार्ट म्हणतात. १८३४ साली पोर्तुगालमधील मठ बंद झाले आणि १८३७ पासून लिस्बनच्या बेलें भागात, तेथील मठाच्या परंपरेतले अंडे-दुधाचे टार्ट दुकानात विकले जाऊ लागले. मठातील विद्या लोकांची उपजीविका झाली.

अणदूर हे सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गाजवळचे गाव. येथे आमची घरे मोजकीच. त्यांपैकी एका घरातील मावशी दिवाळीत करंज्या करून विकतात. दिवाळी सरली की हात रिकामे. नाताळात टार्टला मागणी येईल, या आशेने मी त्यांना कृती वाचून दाखवली. मैद्याच्या पोळीत गार लोणी दुमडायचे, लाटायचे, तिहेरी घडी घालायची, पीठ विसावू द्यायचे. अशा सहा घड्यांत लोण्याचे ७२९ थर होतात. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “फादर, हा तर आपला साटाच की!”

खरेच होते ते. साट्याच्या करंजीसाठी तूप व तांदळाची पिठी फेसून पोळ्यांना लावतात, पोळ्या एकावर एक रचून त्यांची वळकटी करतात, तिचे तुकडे करून लाटतात. आच लागताच पिठातील पाण्याची वाफ होते; स्निग्ध थर तिला कोंडून धरतात आणि पदर सुटतात. कढईत घडते तेच भट्टीत. मात्र लाटताना लोणी घट्ट राहिले पाहिजे. ते वितळून पिठात मुरले, तर पदर उरत नाहीत. मराठवाड्याच्या वैशाखात हे जवळजवळ अशक्य. डिसेंबरच्या पहाटे थंडीच मदतीला येते.

फळांचा प्रश्नही मावशींनीच सोडवला. महागड्या स्ट्रॉबेरीऐवजी त्यांनी पेरू शिजवले, बिया गाळल्या आणि साखर घालून गर आटवला. गोव्याच्या पेरादासारखा, पण मऊ. विजेच्या छोट्या भट्टीत, २०० अंशांवर, वाट्या सोनेरी होऊन फुलल्या. मावशींनी एक मोडून पाहिली, पदर मोजल्यासारखे केले आणि लगेच मैदा, लोणी व विजेचा हिशेब मांडायला बसल्या.

वाचकहो, ‘लोकांना काहीतरी शिकवू या’ असे आपण सभांतून सहज बोलतो. शिकवण्यापूर्वी त्यांच्या हातांना काय ठाऊक आहे, हे विचारायला हवे. माझ्या कागदावर मापे होती. विद्या मावशींपाशी आधीच होती. टार्टचा भाव अजून ठरायचा आहे. तो त्याच ठरवतील.