थोल

आज दिवसभर ‘थोल’ हा एकच प्राचीन इंग्रजी शब्द मनात घोळत राहिला. सोसणे, तग धरून राहणे, असा त्याचा अर्थ. प्रमाण इंग्रजीतून तो केव्हाच लुप्तप्राय झाला, परंतु स्कॉटलंडात आणि अल्स्टर प्रांतात तो लोकांच्या बोलण्यात टिकून राहिला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बेवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्याच्या आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत आयरिश कवी शेमस हीनी सांगतो की, त्या काव्याच्या एका अभ्यासपूर्ण आवृत्तीच्या शब्दसूचीत, पुढे लिपीतून गळालेल्या ‘थॉर्न’ नावाच्या अक्षराने आरंभ होणारे ‘थोलियन’ हे क्रियापद त्याला प्रथम सर्वस्वी परके भासले; आणि मग उमगले की, एखाद्या घरावर अवचित मृत्यूचा घाला पडला म्हणजे आपल्या नात्यातली वडीलधारी बाई उच्चारीत असे, तोच हा शब्द! त्या कवीचा आनंद मला आज अगदी आपलासा वाटला.

पण माझे मन खिळून राहिले ते या शब्दाच्या न्यायालयीन वापरापाशी. स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यात, ज्याच्यावर एकवार खटला चालून निकाल लागला, त्याने आपला ‘असाइज’, म्हणजे न्यायचौकशी, ‘थोलली’ असे म्हणतात, आणि त्याच आरोपावरून त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभे करता येत नाही. २०११ च्या कायद्याने या नियमास काही अपवाद तेवढे जोडले. निर्दोष सुटलेल्या आरोपीनेही, शिक्षा नसली तरी, ती चौकशी, तो लौकिकाचा घात, निकालापूर्वीचा तो जीवघेणा काळ सोसलेलाच असतो, हे कायद्याच्या रुक्ष दफ्तराने एका क्रियापदात मान्य करावे, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.