प्रकाशा ते तोरणमाळ, विजेच्या मोटारीने

प्रकाशा म्हटले की लोकांना ‘दक्षिण काशी’ आठवते. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचे मंदिर, क्रियाकर्मासाठी आलेली माणसे. आम्हाला मात्र इथल्या जुन्या टेकाडाचे अप्रूप. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ साली, पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी ते खणले. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर निघाले, आणि त्यांत उत्तरेकडची काळी चकचकीत भांडीही सापडली. ही भांडी तथागतांच्या आणि पुढे मौर्यांच्या काळातली! संगमावर येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

माझी बहीण इथे दिली आहे. तिच्या मुलाने मित्रांबरोबर पैसे काढून विजेवर चालणारी जुनी नेक्सॉन घेतली. रविवारी सकाळी वंदना झाली आणि भाचा म्हणाला, “मामा, चला तोरणमाळ.” सोबत त्याचा वसतिगृहातला पावरा मित्र होता. बहिणीने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

गाडी रात्रभर घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावली होती. बॅटरी ३०.२ युनिटांची. कंपनीने सांगितलेले ३१२ किलोमीटर डोंगरात धरायचे नसतात, हे भाच्याने आधीच बजावले. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर. नुसती ती उंची चढायलाच चार-साडेचार युनिटे जातात, आणि वर वाटेत बॅटरी भरायची सोय मिळेलच असे नाही. म्हणून हिशेब घरूनच करून निघायचे.

शहादा मागे पडले. पपई, केळी, ऊस. ही हिरवीगार शेते पाहताना अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ ची श्रमिक संघटना आठवल्याशिवाय राहत नाही. याच शेतांवर राबणाऱ्या भिल्ल सालदारांनी इथे मान वर केली होती.

घाटात गाडीने चकित केले. गिअर नाही, धूर नाही, पायाखाली ताकद लगेच हजर. वर पोहोचल्यावर यशवंत तलाव पाहिला. मग मित्राच्या पाड्याकडे जाणारी कच्ची वाट धरली. वनखात्याच्या नाक्यावर विचारून, आणि आहे त्या चाकोरीतूनच. जंगलात नवी चाकोरी पाडणे ही मर्दुमकी नव्हे. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, म्हणून मोठा दगड दिसला की मी उतरून पुढे चालायचो. नाल्यात आधी काठी घालून पाणी मोजायचे, मग गाडी. या गाडीत आवाजच नाही. मोळी घेऊन चाललेल्या एका आजीला आम्ही मागे आल्याचे कळलेच नाही. तेव्हापासून वळणावळणाला हॉर्न.

पाड्यावर आंब्याच्या झाडाखाली भाकरी सोडतोय तोच मित्राची काकू आली. तिचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा सकाळी झाडावरून पडला होता. हात कोपरापाशी सुजून वाकडा झालेला. झोळी करून त्याला खाली नेण्याची तयारी चालली होती. दोन बांबू, एक गोधडी. आम्ही ज्या वाटेला सहल म्हणून आलो, ती त्यांची दवाखान्याची वाट.

भाच्याने पडद्याकडे पाहिले. ४८ टक्के. माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “विचारतोस काय? सीताखाई पुन्हा पाहू.”

भाकरीचे गाठोडे तसेच बांधले. मुलाच्या हाताला दोन कामट्या लावून तो पंच्याने गळ्यात अडकवला. कच्च्या वाटेवर गाडी माणसाच्या चालीने नेली. प्रत्येक हिसक्याला त्याचे डोळे मिटत. घाट सुरू झाला तेव्हा भाच्याने सांगितले की उतारावर पाय उचलला की मोटारच जनित्र होते, चाकांची ओढ बॅटरीत वीज होऊन परत येते. चढताना गेलेले सगळे नाही, पण काही तरी मिळते. मुलगा पुढे आईच्या मांडीवर होता. त्याला तो हिरवा आकडा सापडला. ४३ चे ४४ झाले तसे त्याने ते मोठ्याने वाचले. शाळेत जातो, आकडे पक्के. पुढे ४५. मग ४६ ची वाट पाहत राहिला.

शहाद्याच्या दवाखान्यात पोहोचेस्तोवर दिवेलागण झाली. हाड सरकले होते, रात्रीच प्लॅस्टर झाले. बाहेर बाकावर बसून आम्ही सहा जणांत त्या भाकरी वाटून खाल्ल्या; सहावा तिथला पहारेकरी. ठेचा मुलाच्या आईला फार आवडला.