उंबऱ्याच्या आत

चिंचवडगाव,
भाद्रपद वद्य तृतीया

चि. बंटीस,


फोनवर तू फार चिडलेला होतास, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. कुणीतरी तक्रार केली, पोलिसांनी गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे बंद करायला लावला, आणि तू म्हणालास, “मामा, चापेकरांच्या गावात आपला धर्म आपण दबून पाळायचा का?” चापेकरांचं नाव घेतलंस, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

त्यांचा राग कशावर होता, ते आठव. 1897 साली पुण्यात प्लेग होता. रोग खरा होता, माणसं पटापट मरत होती, तपासणीची गरजही होती. पण ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघरात, स्वयंपाकघरात बुटांसकट गेल्याच्या, बायकांना चारचौघांत तपासल्याच्या तक्रारींवर तक्रारी झाल्या. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या दोन वर्षांच्या आत दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव असे तिघेही चापेकर भाऊ फासावर गेले. कीर्तनकाराच्या घरातली तीन मुलं! गोळी झाडण्याबद्दल माणसांची मतं वेगळी असतील, पण घाव कुठे बसला होता ते आपल्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. न विचारता कुणीतरी उंबरा ओलांडून आत आलं होतं.

आरोग्यासाठी घातलेली प्रत्येक मर्यादा लोक झुगारतात असंही नाही. 2020 साली कोरोनाच्या साथीत मंडळांच्या गणेशमूर्ती चार फुटांच्या आत आणि घरच्या दोन फुटांच्या आत ठेवायला सांगितल्या, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी त्यांनी ते मान्य केलं. राज्यघटनेचं कलम 25 एकदा वाच. धर्म मानण्याचं, पाळण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य त्यात सर्वांना सारखं आहे, पण कलमाची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या अटींनी होते. ‘शेजाऱ्याला आवडत नाही’ ही अट तिथे नाही. उद्या कुणी म्हणालं की तुमचा मांडव माझ्या डोळ्यांना खुपतो, तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन.

आवाजाचं तसं नाही. मांडवाकडे पाठ फिरवता येते, कानांना पापण्या नाहीत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही 2000 सालच्या नियमांची मर्यादा आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, आणि तुमची स्पीकरची भिंत शंभर सहज ओलांडते. खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं. तो आवाज न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरतो, तिथल्या तान्ह्या बाळाच्या पाळण्यापर्यंत, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या उशाशी जातो. चापेकरांची आठवण काढायची, तर त्या घरातल्या माणसाच्या जागी उभं राहून काढ.

आणि आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात तर आणखी एक गोष्ट आहे. कायद्याची रात्र दहा ते सहा. थर्ड शिफ्ट करून चाकणहून सकाळी कंपनीच्या बसने उतरणाऱ्या माणसाची रात्र तेव्हा सुरू होते. भर दुपारी त्याची झोप मोडली तर कायद्याचं घड्याळ त्याच्या फारसं कामाला येत नाही, आणि पुन्हा रात्री त्याला मशीनवर हात चालवायचे असतात. तुमच्या गल्लीत अशी किती घरं आहेत, हे पोलिसांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. वर्गणी मागायला तुम्ही त्याच दारांवर जाता.

“फक्त आपल्यालाच का?” हा तुझा दुसरा प्रश्न. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने लाउडस्पीकरबद्दल सुनावलं ते चेन्नईच्या एका चर्चला. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या मशिदींवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं, की ध्वनिक्षेपक कुठल्याही धर्माचं अनिवार्य अंग नाही. अंमलबजावणीत कुठे भेदभाव दिसला तर लेखी तक्रार कर, पहिली सही माझी. पण दुसऱ्याचा भोंगा सुरू आहे म्हणून आपली भिंत वाढवायची, यात त्या थर्ड शिफ्टवाल्याने काय करायचं?

मिरवणूक नकोच, असं माझं म्हणणं नाही. आपल्या गावच्या मोरया गोसावींच्या मंगलमूर्तींची पालखी भाद्रपदात आणि माघात मोरगावला निघते, तेव्हा माणसं आपणहून दारात येऊन हात जोडतात. ढोल-ताशा तुम्हा पोरांनी वर्षभर घाम गाळून बसवला आहे, तोही मला हवा आहे. किती वेळ आणि कुठे वाजवायचा, एवढंच ठरवायचं आहे.

नवरात्राची बैठक येत्या रविवारी आहे म्हणालास. त्याआधी दोन-तीन जणांनी गल्लीत फिरून कुणाची कुठली शिफ्ट आहे ते विचारून या, आणि वाजवण्याची वेळ त्यावरून ठरवा. तक्रार कुणी केली ते शोधून काढायचं तुमचं चाललं आहे, ते मात्र आजच थांबव. तक्रारदाराचं नाव उघड करू नका, असं 2025 च्या त्याच निकालात न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे. नाव कळलंच, तर त्या घरी फक्त प्रसाद घेऊन जा.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा