सावलीचा रकाना

कारकुनाच्या हाती कोरी वही आणि आखणीची पट्टी दिली, की तो आधी रकाने पाडतो. त्यांत काय भरायचे हे त्याला मागाहून सुचते. २०२५ च्या मे महिन्यात जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळींनी रविवारच्या बालवर्गाचे काम मजवर सोपविले, तेव्हा मीही नेमके हेच केले. मुले अकरा, वये सहा ते दहा, वेळ रविवारी अकरा ते एक. मुलांना मराठी यावे, एवढाच मंडळींचा हेतू होता. परंतु नुसती बाराखडी आणि शुद्धलेखन घेऊन बसलो, तर तिसऱ्या रविवारी वर्ग ओस पडेल हे मला दिसत होते. म्हणून दर महिन्याला एकच विषय घ्यावा, आणि भाषा, गणित, भूगोल, इतिहास, चित्रकला, हस्तकला ही सारी त्या एका विषयाच्या पोटात आणावी, असे मी ठरविले. जून ते एप्रिल असे अकरा महिने आणि त्यांसमोर सहा रकाने. एकूण सहासष्ट घरे एका रात्रीत आखून, भरून, मी ती मोठ्या अभिमानाने पत्नीस दाखविली.

"कोष्टक छान जमलंय हो," ती म्हणाली, "पण यात मुलांनी बसायचं कुठं?"

ही कल्पना माझी नव्हे, हे सांगायला नको. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याची योजना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. सूत मोजता मोजता गणित, कापसाच्या मागोव्याने भूगोल, वस्त्राच्या व्यापारातून इतिहास. या जोडणीला आपल्याकडे ‘समवाय’ म्हणतात. वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच प्रांतात होती, आणि १९५६ पर्यंत एकाच राज्यात राहिली. तेव्हा हा पाहुणा या गावाला अनोळखी नाही. मात्र समवायाचे एक जुने दुखणे आहे. जोड जेथे आपोआप बसत नाही, तेथे शिक्षक ती खिळे ठोकून बसवितो. माझ्या वहीत ‘पाणी’ या विषयापुढे इतिहासाच्या घरात काहीतरी हवे, म्हणून मी ‘पुण्यातील पेशवेकालीन हौद’ असे लिहून ठेवले होते. जबलपुरात, जेथे नर्मदा दाराशी वाहते, तेथील मुलांना मी पुण्याचे हौद शिकविणार होतो! रिकामे घर कारकुनाला सोसत नाही, हेच त्याचे कारण. कचेरीत ज्या रकान्यात भरण्याजोगे काही नसते, तेथेही आपण ‘निरंक’ असे लिहितो. कोरे काही सोडत नाही.

पण हौदाची पाळी येण्यापूर्वीच माझी योजना कोसळली. पहिला विषय होता ‘आपला सह्याद्री’. मी भिंतीवर नकाशा टांगला, घाटांची नावे सांगितली, धबधब्यांचे वर्णन केले, आणि शेवटी कोणाला काही विचारायचे आहे काय, असे विचारले. एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील रेल्वेत आहेत. "अंकल, सह्याद्री कौन-सी ट्रेन है?"

मी हसलो, परंतु घरी येताना ते हसू ओसरत गेले. माझी आठ वर्षांची कन्या त्याच वर्गात होती. वाटेत ती मला म्हणाली, "बाबा, तुमच्या गावाला दिसतो ना तो सह्याद्री?" तुमच्या गावाला! मी साताऱ्याजवळच्या एका खेड्यातला. माझी आई अद्याप तेथेच राहते. कन्येचा जन्म माझ्या दुसऱ्या बदलीच्या गावी झाला, आणि तिसऱ्या गावी ती शाळेत गेली. तिच्या लेखी ते गाव बाबांचे होते, आजीचे होते; तिचे नव्हते. आपणांपैकी ज्यांची मुले अशी गावोगाव वाढली आहेत, त्यांना हा षष्ठीचा प्रत्यय कोठे लागतो ते वेगळे सांगावयास नको.

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली. मुलीच्या पाठ्यपुस्तकांचे जुने संच माझ्यापाशी होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तिसरी ते पाचवीचा जो परिसर अभ्यास तयार झाला, तो सहा सूत्रांभोवती गुंफलेला होता: कुटुंब व मित्र, अन्न, निवारा, पाणी, प्रवास, आणि आपण ज्या वस्तू बनवितो व जी कामे करतो ती. यात एकही सण नाही, एकही थोर पुरुष नाही, हे मला प्रथम खटकले. मग ध्यानात आले, की यांतले प्रत्येक सूत्र मुलाच्या हाताला लागते. माझ्या वहीतला सह्याद्री हाताला लागत नव्हता. तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला: विषय असा हवा, की जो येथे जबलपुरात मुलाला धरता येईल, आणि त्याविषयी विचारण्यासाठी तिकडच्या आजी-आजोबांना फोन करावा लागेल. मराठी शिकवायची नाही. मराठीवाचून भागणार नाही असे काही काम काढायचे.

या नियमाने निम्मी घरे आपोआप पुसली गेली. ‘बाजार’ हा विषय सोपा ठरला. भाजीवाल्याची गिलकी म्हणजे आजीचे घोसाळे, हे कळल्यावर मुलांनी भाज्यांची दुहेरी यादी स्वतःच वाढवत नेली. ‘दगड’ या विषयाने मात्र मीच चकित झालो. सातारच्या डोंगरांचा काळा पाषाण ज्या लाव्हाचा, त्याच दख्खनच्या थरांचे टोक जबलपूरच्या काही टेकड्यांच्या माथ्यावर दिसते. आणि त्या थराखालच्या खडकांत १८२८ साली स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास डायनोसॉरची हाडे सापडली. येथे इतिहासाच्या घरात खिळा ठोकावा लागला नाही.

मंडळींचे जुने चिटणीस, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, या नव्या योजनेवर नाराज होते. "भाजी झाली, दगड झाले," ते म्हणाले, "महाराज केव्हा येणार?" मी नियमावर बोट ठेवून वाद घातला. आज वाटते, अण्णांचेही काही खोटे नव्हते. नुसत्या वस्तूंवर वर्ष निघत नाही. मुलांना गोष्ट लागते. दिवाळीत आम्ही किल्ला केला. माती कालविली, पायऱ्यांची उंची मोजली, अळीव पेरले. अण्णांनी पुण्याहून आणविलेली महाराजांची आणि मावळ्यांची चित्रे काढून दिली. कोणता किल्ला करायचा, हे मात्र मी मुलांवर सोपविले होते, आणि मुलांनी डोळ्यांसमोर होता तोच केला: मोठ्या ग्रॅनाइटच्या शिळेवर बसलेला, गोंड राजवटीतला मदनमहाल. त्याच्या माथ्यावर महाराज आरूढ झाले आणि खाली मावळे पहाऱ्यास उभे राहिले. अण्णा बराच वेळ टक लावून पाहत होते. "महाराज एवढ्या लांब आले म्हणायचे," असे म्हणून त्यांनी एका कललेल्या मावळ्याला सरळ केले.

पण माझा जीव ज्या विषयात गुंतला होता, तो निराळाच. तो म्हणजे सावली. तो मला माझ्या आईमुळे सुचला. तिच्या घरात घड्याळ आहे, पण ती ते पाहत नाही. ऊन तुळशीपाशी आले की ती चूल पेटवते, उंबऱ्याला लागले की जेवायला हाक मारते. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा महिनाअखेरीस भर माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो; मधल्या दिवसांतही माध्यान्हीची सावली नसल्यासारखीच. साताऱ्यास मात्र मेमध्येच सूर्य डोक्यावरून उत्तरेस सरकलेला असतो. म्हणजे जूनच्या एकाच दुपारी आजीची सावली दक्षिणेकडे पडणार, आणि नातीला सावलीच नसणार! हे हिशेब मांडताना मला जो आनंद झाला, तो पदोन्नतीच्या यादीतही कधी झाला नव्हता.

२२ जूनचा रविवार आला. मुले गच्चीवर काठी घेऊन उभी राहिली, आणि आभाळ असे भरून आले, की काठीचीच काय, आमची कोणाचीही सावली दिसेना. तिकडे आईच्या अंगणात पाऊस कोसळत होता. वहीतल्या पहिल्याच महिन्यासमोर लाल शाईने ‘निरंक’ लिहावे लागले. जून महिना पावसाचा असतो, हे मराठी माणसाला दुसऱ्या कोणी सांगावे लागू नये. पण योजना आखणारा माणूस आभाळाकडे पाहत नाही, कोष्टकाकडे पाहतो.

वर्षाची आखणी करताना आणखी एक गोष्ट मी धरलीच नव्हती, आणि ती आभाळाहून बेभरवशाची आहे. डिसेंबरपर्यंत अकरांपैकी तीन मुले वडिलांच्या बदल्यांमुळे निघून गेली, दोन नवी आली. एका महिन्याचे दुसऱ्यावर अवलंबून ठेवले, तर नवे मूल अधांतरी राहते. तेव्हापासून प्रत्येक महिना असा केला, की तेथूनही वर्ष सुरू करता यावे.

सावलीला दुसरी संधी डिसेंबरात होती. २१ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस, आणि तो रविवारीच आला. आदल्या आठवड्यात मुलांनी आजीकडून शब्द गोळा केले होते: कवडसा, तिरीप, पडछाया. "दिवस कासराभर वर आला" हे ऐकून कासरा म्हणजे काय ते कोणालाच कळेना. तेव्हा आईने फोनवर बैलाचा खरा कासरा धरून दाखविला, आणि सूर्याची उंची दोरीने मोजणारी भाषा मुलांना फार आवडली. गच्चीवर वाळूच्या बादलीत आम्ही एक मीटरची वेळूची काठी उभी केली, ती सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहिले, आणि पावणेबारापासून दर चार मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करू लागलो. वेळ सांगण्याचे काम अर्थात रेल्वेवाल्या मुलाकडे. सावली आखूड होत होत बारा वाजून आठ मिनिटांच्या सुमारास थांबली, आणि पुन्हा वाढू लागली. सर्वांत आखूड सावली भरली १०६ सेंटिमीटर.

मग आम्ही आईच्या फोनची वाट पाहत बसलो. तिच्या अंगणात तशीच काठी रोवलेली होती आणि शेजारचा मुलगा शिवणाची टेप घेऊन बसला होता. "सावली काय टेपनं मोजायची असती व्हय?" असे ती त्याला म्हणत असल्याचे आम्हांला ऐकू येत होते. तिची सावली आखूड होत गेली, पण थांबेना. बारा वाजून बत्तीस मिनिटांनी ती थांबली. ८७ सेंटिमीटर.

"आजींची गाडी चोवीस मिनिटे लेट!" रेल्वेवाला मुलगा ओरडला, तोही मराठीत.

सुमारे सव्वीसशे किलोमीटर नव्हे की हजारो कोस नव्हेत. अक्षांशाचे साडेपाच अंश आणि रेखांशाचे सहा. एराटोस्थेनीसने बावीस शतकांपूर्वी दोन गावांच्या अशाच सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला, ही गोष्ट मी सांगू लागलो. पण कोणाचे लक्ष नव्हते. मुलांनी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या होत्या, एक १०६ ची आणि एक ८७ ची, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. माझ्या कन्येने लांब पट्टीचा जास्तीचा तुकडा कापून घेतला आणि तो मला दाखविला. एकोणीस सेंटिमीटर. "बाबा," ती म्हणाली, "आपलं गाव एवढं लांब आहे."

मी काही बोललो नाही. खाली पडलेली कात्रणे गोळा करू लागलो. डिसेंबरच्या ओळीत चित्रकलेचे घर कोरे राहिले होते. त्यात मी ‘निरंक’ही लिहिले नाही.

फेब्रुवारी २०२६ मध्ये माझा बदलीचा हुकूम निघाला: चेन्नई. एप्रिलसाठी मी ‘प्रवास’ हा विषय राखून ठेवला होता. तो आता दुसऱ्या कोणी घ्यावा. वही मी वर्ग सांभाळणाऱ्या नव्या बाईंच्या स्वाधीन केली आहे. त्यांनी ती चाळली आणि मोकळी घरे पाहून त्या थोड्या अस्वस्थ झाल्या. "ही भरून देता का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. त्या स्वतः ती भरतील अशी मला शंका आहे.

हुकूम आल्याच्या रात्री मी गणित मांडून पाहिले. चेन्नईस २१ डिसेंबरच्या माध्यान्ही मीटरभर काठीची सावली सुमारे ७४ सेंटिमीटर पडावी. आजीच्या सावलीहूनही आखूड. मी हे कन्येला सांगितले, आणि नवी पट्टी कापण्यासाठी कागदही पुढे केला. तिने तो घेतला नाही. डिसेंबर येऊ द्या, ती म्हणाली. मोजल्याशिवाय ती कापणार नाही. काठी मात्र सामानात बांधून घ्यावयास तिने मला लावले आहे.