उशाखालचा नवा करार

आमच्या घरात मूर्ती नाहीत, असं लहानपणी मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. गोंदियाच्या रेल्वे वस्तीत शेजारी गणपती बसायचे, नवरात्रात शारदा बसायची. आमच्या भिंतीवर साधा लाकडी क्रूस आणि रेल्वेचं कॅलेंडर. तरी एक वस्तू घरात अशी होती, की तिला पाय लागला तर आई तिच्या पाया पडायला लावायची. तो होता बाबांचा, खिशात मावणारा नवा करार.

काळं रेक्झिनचं कव्हर, कडांचा उडालेला लाल रंग, मत्तयाच्या सहाव्या अध्यायावर तेलकट बोटांचे डाग. बाबा रात्रपाळीहून परतले की चहाबरोबर तो वाचत. आम्ही बाकीचे तो वापरत होतो, वाचत नव्हतो. मला टायफॉइड झाला तेव्हा आईने तो उशाखाली सरकवला. दहावीला दप्तरात होता, पहिल्या मुलाखतीला खिशात. उघडायची गरज कुणाला वाटली नाही. जवळ असला की झालं.

पुढे मी राईस मिलमध्ये हिशेबाला लागलो. जाताना बाबांनी तो मला दिला आणि स्वतःसाठी दुसरा घेतला. दिवाळीला शेठजी वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढून पूजा करत. मी पेढा घेऊन टेबलाशी येई. खणात नवा करार असे. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे 67 किलो तांदूळ पुरा करून द्यावा लागतो. धान ओलं निघालं, कनकी वाढली, उतारा बसेना, की माझा हात आपसूक खणाकडे जाई. शेठजींच्या स्वस्तिकात आणि माझ्या खणात फरक काय, असं कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

बायबलात पितळी सापाची गोष्ट आहे. अरण्यात सर्पदंशाने माणसं मरू लागली, तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप खांबावर उभारला. त्याच्याकडे पाहणारा वाचे. शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. साप देवानेच दिलेला होता. पण भरवसा देणाऱ्यावरून निसटून वस्तूवर बसला होता.

नवा करार नुसता जवळ न ठेवता वाचणारे एक होते, कवी नारायण वामन टिळक. आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गाने ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळकांनी तो वाचला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा सहवास काही वर्षं तुटला. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभा केला. मूर्ती सोडणं एकदाच करून संपत नाही, हे मला टिळकांकडे पाहून कळतं. आधी घराण्याचा आधार गेला, नंतर ज्या मिशनने आधार दिला तोही त्यांनी सोडून दिला.

बाबांना ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं ठरलं. निघायच्या घाईत दोन्ही प्रती घरी राहिल्या. गाडीने तिरोडा सोडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी कासावीस झालो. बाबा म्हणाले, "राहू दे ना बेटा. पुस्तक घरी राह्यलं, देव थोडाच घरी राह्यला?" मग डोळे मिटून त्यांनी उद्याची चिंता करू नका हा मत्तयातला सगळा भाग तोंडपाठ म्हटला. डाग होते ते त्याच पानावर. समोरच्या बाकावरची म्हातारी शेंगा सोलायची थांबून ऐकत होती.

बाबा त्या दुखण्यातून उठले नाहीत. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे विमा उतरवणं नव्हे, आणि तसं त्यांनी कधी मानलंही नव्हतं. भीती मात्र त्यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत दिसली नाही.

ख्रिस्ती भावाबहिणींनो, शेजाऱ्याच्या देवघरात किती मूर्ती आहेत ते मोजत बसू नका. आपल्या पासबुकात, पगारात, मुलांच्या टक्क्यांत आपला जीव किती अडकलाय ते पाहा. आणि उशाखाली बायबल ठेवलं असेल, तर ते काढून वाचा.